१३१ सेकंदांचा जिना: जावास्क्रिप्टमध्ये दशांश आकड्यांसाठी टाइप्ड ॲरे कसे वापरायचे

काही वर्षांपूर्वी मी एक साधा आलेख काढत होतो. एका यंत्राकडून दर सेकंदाला एक नोंद यायची, वेळ आणि तापमान. नोंदी लाखांच्या घरात जाणार हे दिसत होतं, म्हणून मी हुशारी केली आणि दोन्ही रकाने फ्लोट३२ॲरेमध्ये (प्रत्येक आकड्याला ३२ बिट देणाऱ्या ॲरेमध्ये) भरले. तापमान अगदी व्यवस्थित दिसलं. वेळेचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. दोन मिनिटांचे सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत एकावर एक रचलेले, मग मोकळी जागा, मग पुन्हा तसाच ढीग. कन्सोलवर एकही एरर नाही. दोन संध्याकाळी मी आलेखाच्या लायब्ररीला शिव्या घातल्या. शेवटी दोन ढिगांमधलं अंतर मोजलं, तर ते दर वेळी १३१०७२ मिलिसेकंद भरत होतं. हा आकडा म्हणजे २ चा १७ वा घात. तिथे डोक्यात प्रकाश पडला: लायब्ररीचा काही दोष नव्हता, मीच वेळ चुकीच्या डब्यात ठेवली होती.

हा लेख त्या डब्यांबद्दल, म्हणजे एकाच प्रकारचे आकडे सलग साठवणाऱ्या टाइप्ड ॲरेंबद्दल आहे. जावास्क्रिप्टमध्ये चल, लूप आणि साधा ॲरे वापरता येत असेल तर एवढ्यावर भागेल. जावास्क्रिप्टचे शब्द आणि आकडे मी इथे देवनागरीत लिहिले आहेत, एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे. (चलांची नावं मात्र जावास्क्रिप्टला देवनागरीतही चालतात. गंमत म्हणून करून बघा.) वाचताना ब्राउझरचा कन्सोल शेजारी उघडा असू द्या. इथलं बहुतेक सगळं दोन ओळींत तपासता येतं.

आधी आकडा आतून कसा असतो ते बघू

जावास्क्रिप्टमधला नेहमीचा आकडा ६४ बिटांचा असतो. पूर्णांक असो वा दशांश, तो आयट्रिपलई ७५४ या मानकानुसार साठवला जातो. हे मानक पहिल्यांदा १९८५ मध्ये आलं. या ६४ बिटांपैकी १ बिट चिन्हाला, ११ घातांकाला आणि ५२ प्रत्यक्ष अंकांना. त्यातून साधारण १५ ते १६ दशमान अंक भरवशाचे मिळतात, आणि पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत एकही न गाळता मोजता येतात.

फ्लोट३२ मध्ये हीच वाटणी १, ८ आणि २३ अशी होते. भरवशाचे अंक उरतात ७ च्या आसपास. आता इथे नवख्यांची हमखास गफलत होते. '७ अंक' म्हणजे दशांशचिन्हानंतरचे ७ अंक नव्हेत. पहिल्या अंकापासून मोजून एकूण सात.

अशी एक मोजपट्टी डोळ्यांसमोर आणा, जिच्यावरच्या खुणा शून्याजवळ दाट आहेत आणि पुढे जाल तशा विरळ होत जातात. १ ते २ या टप्प्यात फ्लोट३२ च्या ८३८८६०८ खुणा बसतात. २ ते ४ या दुप्पट लांबीच्या टप्प्यातही तेवढ्याच. ४ ते ८ मध्येही तेवढ्याच. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर दोन खुणांमधलं अंतर दुप्पट होतं. १ च्या जवळ ते अंतर ०.००००००१२ इतकं बारीक असतं. १६७७७२१६ च्या पुढे ते २ होतं, म्हणजे तिथून पुढे विषम पूर्णांक या पट्टीवर नाहीतच. आणि डेट.नाऊ() जो आकडा देतं, १९७० पासूनचे मिलिसेकंद, तो १३ अंकी आहे. त्या उंचीवर फ्लोट३२ च्या दोन शेजारी खुणांमध्ये १३१०७२ इतकं अंतर असतं. माझा जिना तो हाच.

कन्सोलवर हे प्रत्यक्ष बघायचं तर मॅथ.फ्राउंड वापरा. दिलेला आकडा फ्लोट३२ मध्ये ठेवला तर त्याचं काय होईल, ते हे फंक्शन दाखवतं:

मॅथ.फ्राउंड(१७५००००००००००)

उत्तर येतं १७४९९९९९४३६८०. जवळपास एक मिनिट गायब, आणि तेही गुपचूप. मॅथ.फ्राउंड(०.१) करून बघितलंत तर ०.१०००००००१४९०११६१२ येईल. ही बिघाडाची खूण नाही. ०.१ हा आकडा दुमान (बायनरी) पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही, ६४ बिटांतही नाही. तिथे चूक इतकी मागच्या अंकांत असते की छापताना ती दिसत नाही, इतकंच. फ्लोट३२ मधला आकडा वाचताना तो ६४ बिटांत येतो आणि आधी झाकलेली चूक उघडी पडते.

मग कोणता डबा घ्यायचा?

टाइप्ड ॲरेचे एकूण १२ प्रकार आहेत. त्यातले तीन दशांश आकड्यांसाठी: फ्लोट१६ॲरे, फ्लोट३२ॲरे आणि फ्लोट६४ॲरे. नावातला आकडा म्हणजे प्रत्येक घराचे बिट. आठाने भागा की बाइट मिळाले: २, ४ आणि ८. दहा लाख आकड्यांना फ्लोट३२ मध्ये ४० लाख बाइट लागतील आणि फ्लोट६४ मध्ये ८० लाख.

निवड करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे बाइट शेवटी कोण वाचणार आहे?

ग्राफिक्स कार्ड वाचणार असेल तर फ्लोट३२. टाइप्ड ॲरे वेबवर आले तेच मुळी वेबजीएलमुळे, म्हणजे ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायच्या सोयीमुळे. त्रिकोणांचे लाखो बिंदू ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायचे तर साधा जावास्क्रिप्ट ॲरे कामाचा नव्हता, कारण त्यात आकड्याशेजारी स्ट्रिंग, स्ट्रिंगशेजारी ऑब्जेक्ट असं काहीही असू शकतं. कार्डाला हवे होते सलग, एकसारखे बाइट. वेबजीएलचं पहिलं मानक २०११ मध्ये आलं, आणि २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट (म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत) मानकात टाइप्ड ॲरे भाषेचाच भाग झाले. वेब ऑडिओचंही तसंच, तिथे आवाजाचे नमुने फ्लोट३२ॲरेमध्येच मिळतात आणि द्यावे लागतात. अशा ठिकाणी निवड तुमच्या हातात नसतेच.

बाइट फक्त तुमचाच हिशोब वाचणार असेल तर डोळे मिटून फ्लोट६४ घ्या. मेमरी खरंच कमी पडते आहे हे मोजून दिसलं, तरच ३२ कडे वळा. सरासरी, बेरजा, वेळ, नकाशावरचे अक्षांश-रेखांश यांत घाई नको. रेखांश ६४ ते १२८ अंशांच्या मध्ये असेल तर फ्लोट३२ च्या दोन खुणांमधलं अंतर विषुववृत्तावर सुमारे ८५ सेंटिमीटर भरतं. शहराचं नाव दाखवायला ते पुष्कळ झालं, पण दरवाजा कुठे आहे ते दाखवायला अपुरं.

फ्लोट१६ हा नवा भिडू, २०२५ च्या मानकात आलेला. त्यात सर्वांत मोठा आकडा ६५५०४, आणि पूर्णांक २०४८ पर्यंतच नेमके. त्यात ७०००० ठेवलेत तर इन्फिनिटी मिळेल. रंगांची मूल्यं, मशीन लर्निंगच्या मॉडेलमधली वजनं अशा ठिकाणी तो शोभतो. जुन्या ब्राउझरमध्ये तो नसतो, त्यामुळे वापरण्याआधी तो आहे का ते तपासा. सुरुवातीला तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

बनवणं

कॉन्स्ट मापं = न्यू फ्लोट३२ॲरे(४)

यातून चार घरं मिळतात, चारही घरांत शून्य. 'न्यू' विसरलात तर टाइपएरर येतो. तयार आकडे द्यायचे असतील तर चौकटी कंसात:

कॉन्स्ट मापं = न्यू फ्लोट३२ॲरे([०.५, १.२५, ३])

इथे एक छोटी खाच आहे. न्यू फ्लोट३२ॲरे(३) म्हणजे तीन रिकामी घरं, आणि न्यू फ्लोट३२ॲरे([३]) म्हणजे एकच घर ज्यात ३ आहे. एका चौकटी कंसाचा फरक. दुसऱ्या अर्थाने लिहायचं असेल तर फ्लोट३२ॲरे.ऑफ(३) वाचायला स्वच्छ वाटतं. सूत्रावरून आकडे भरायचे असतील तर फ्लोट३२ॲरे.फ्रॉम आहे.

लांबी एकदा ठरली की ठरली. पुश, पॉप, शिफ्ट, स्प्लाइस यांतलं काहीही इथे नाही. साध्या ॲरेची सवय असलेल्याला सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं. किती आकडे येणार ते आधी माहीत नसेल तर सरळ साध्या ॲरेत गोळा करा आणि शेवटी एकदाच टाइप्ड ॲरे बनवा. किंवा गरजेपेक्षा मोठा ॲरे घ्या, किती घरं भरली त्याचा वेगळा मोजणीचा चल ठेवा, आणि भरला की दुप्पट लांबीचा नवा ॲरे घेऊन जुन्यातलं सगळं 'सेट' मेथडने त्यात ओता.

ठेवताना आणि काढताना

मापं[०] = १.५ हे साध्या ॲरेसारखंच. फरक चुकीच्या वेळी कळतो, किंबहुना कळतच नाही. चार घरांच्या ॲरेत मापं[४] = ९ लिहिलंत तर एरर येत नाही, लांबी वाढत नाही, ९ मात्र कुठेच जात नाही. वाचायला गेलात तर अनडिफाइन्ड. लूपमध्ये 'पेक्षा लहान' च्या जागी 'पेक्षा लहान किंवा समान' पडलं असेल तर शेवटचा आकडा असा बिनबोभाट हरवतो.

घरात स्ट्रिंग ठेवलीत तर आधी तिचा आकडा केला जातो. "२.५" चे (इंग्रजी अंकांत लिहिलेले) २.५ होतात. "अबक" चं नॅन, म्हणजे 'आकडा नाही', होतं. अनडिफाइन्डचंही नॅन होतं, पण नलचं शून्य! नोंद नसलेल्या जागी कुणी नल पाठवत असेल तर तुमच्या ॲरेत ती खोटी शून्यं बनून बसतील आणि सरासरी खाली ओढतील. असा डेटा भरण्याआधी नल ओळखून तिथे मुद्दाम नॅन ठेवा.

आता तुलना.

कॉन्स्ट अ = फ्लोट३२ॲरे.ऑफ(०.१, ०.५)

यानंतर अ[०] === ०.१ हे फॉल्स, पण अ[१] === ०.५ हे ट्रू. ०.५ दुमान पद्धतीत नेमकं बसतं, ०.१ बसत नाही. याच कारणाने अ.इंडेक्सऑफ(०.१) उणे १ देतं, जणू तो आकडा ॲरेत नाहीच. शोधायचंच असेल तर मॅथ.फ्राउंड(०.१) शोधा. दोन मोजलेले आकडे ताडून पाहायचे असतील तर त्यांच्यातला फरक ठरावीक मर्यादेच्या आत आहे का ते बघा. ती मर्यादा म्हणून नंबर.एप्सिलॉन घेऊ नका. ती ६४ बिटांसाठी आहे, फ्लोट३२ च्या चुका तिच्या कितीतरी पट मोठ्या असतात.

(गंमत म्हणजे ०.१ + ०.२ आणि ०.३ हे दोन्ही फ्लोट३२ॲरेत ठेवून ताडले तर ते सारखे निघतात. ६४ बिटांत जी तुलना चुकते म्हणून नवखे हैराण होतात, ती इथे बरोबर येते. हा निव्वळ राउंडिंगचा योगायोग आहे, त्यावर विसंबू नका.)

मॅप, फिल्टर, रिड्यूस, फिल हे ओळखीचे सगळे आहेत. पण मॅप नेहमी त्याच प्रकारचा टाइप्ड ॲरे परत देतो. त्यामुळे दाखवण्यासाठी म्हणून मॅपमध्ये टूफिक्स्ड(२) वापरलंत आणि त्याला '°' चिकटवलंत, तर हाती स्ट्रिंगऐवजी नॅनची रांग येईल. आधी ॲरे.फ्रॉम वापरून साधा ॲरे करा, मग काय हवं ते करा. जेसन.स्ट्रिंगिफायचंही तसंच: टाइप्ड ॲरे थेट दिलात तर चौकटी कंसांऐवजी "०", "१", "२" अशा किल्ल्यांचं ऑब्जेक्ट निघतं. एका बाबतीत मात्र टाइप्ड ॲरे जास्त शहाणा आहे. साध्या ॲरेचं सॉर्ट आकड्यांची स्ट्रिंग करून लावतं, म्हणून १० हा ९ च्या आधी येतो. टाइप्ड ॲरेचं सॉर्ट आकड्यांनुसारच लावतं, काहीही न सांगता.

हिशोब ६४ मध्ये, साठवण ३२ मध्ये

माझ्या मते नवख्याने पहिल्या दिवशी लावून घ्यावी अशी सवय हीच. फ्लोट३२ॲरेतून आकडा बाहेर काढला की तो ६४ बिटांचा होतो. बेरीज, गुणाकार, साइन सगळं ६४ मध्येच चालतं. छाटणी होते ती परत घरात ठेवताना. म्हणजे जितक्या वेळा ठेवाल तितक्या वेळा छाटणी.

करून बघा. २ कोटी घरांचा फ्लोट३२ॲरे घ्या आणि फिल(१) करा. आता लूप लावून सगळ्या एकांची बेरीज साध्या चलात करा. २ कोटी येतील. मग तीच बेरीज दुसऱ्या, एकाच घराच्या फ्लोट३२ॲरेत करा, म्हणजे प्रत्येक फेरीत एकूण[०] += १. उत्तर येतं १६७७७२१६. पुढचे बत्तीस लाखांहून जास्त एक कुठे गेले? त्या उंचीवर खुणा दोन-दोनच्या अंतरावर आहेत. १६७७७२१७ ला खूण नाही, ते परत १६७७७२१६ वर येतं, पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मोजणी जागेवरच चालत राहते.

म्हणून चालू बेरीज, चालू सरासरी, खेळातल्या वस्तूचा आत्तापर्यंतचा एकूण प्रवास असं काहीही साठत जाणारं साध्या चलात किंवा फ्लोट६४ॲरेत ठेवायचं. फ्लोट३२ हा दाराशी, पाठवणीच्या वेळी.

बफर आणि खिडक्या

आता जरा आत जाऊ, कारण टाइप्ड ॲरेची खरी ताकद इथे आहे.

खरे बाइट टाइप्ड ॲरेमध्ये नसतात. ते ॲरेबफर नावाच्या वस्तूत असतात, आणि टाइप्ड ॲरे ही त्यावरची खिडकी. एकाच बफरवर अनेक खिडक्या लावता येतात.

कॉन्स्ट फ = फ्लोट३२ॲरे.ऑफ(१)
कॉन्स्ट ब = न्यू यूइंट८ॲरे(फ.बफर)

ब छापा. चार बाइट दिसतील: ०, ०, १२८, ६३. फ्लोट३२ मधला १ हा आतून असा असतो. ब[३] बदला आणि फ[०] वाचा, आकडा बदललेला दिसेल, कारण बाइट तेच आहेत. सर्वांत कमी वजनाचा बाइट आधी, या मांडणीला लिटल एंडियन म्हणतात, आणि तुमच्या समोरचा संगणक किंवा फोन जवळजवळ नक्कीच तसाच आहे. हेच चार बाइट कुणी उलट्या क्रमाने वाचले तर १ च्या जागी दशांशचिन्हानंतर ४० शून्यं आणि मग ४६ असा काहीतरी सूक्ष्म आकडा येतो. फाइल वाचताना सगळे आकडे शून्याला चिकटलेले किंवा अवाढव्य दिसले तर आधी बाइटांच्या क्रमावर संशय घ्या.

खिडकीचा हा हिशोब कळला की दोन नेहमीच्या चुका टळतात. पहिली: सबॲरे आणि स्लाइस दिसायला जुळे, पण सबॲरे त्याच बाइटांवर नवी खिडकी लावतो आणि स्लाइस बाइटांची प्रत काढतो. सबॲरेत बदल केलात की मूळ बदललं. दुसरी: न्यू फ्लोट३२ॲरे(मोठा) आणि न्यू फ्लोट३२ॲरे(मोठा.बफर). 'मोठा' हा फ्लोट६४ॲरे असेल तर पहिलं प्रत्येक आकडा छाटून नीट प्रत करतं. दुसरं त्याच्या बाइटांवर चार-चार बाइटांची खिडकी लावतं, दुप्पट लांबी येते आणि सगळा कचरा. वेबजीएलच्या बफरडेटाला चुकून फ्लोट६४ॲरे दिलात तर हेच घडतं. तक्रार कुठेही येत नाही, पडद्यावर त्रिकोणांचा चुराडा दिसतो.

एक फाइल वाचू

नेटवरून आलेली बायनरी फाइल हातात घ्यायची पायरी सोपी आहे. फेच करा, उत्तरावर ॲरेबफर() मेथड बोलवा, आणि मिळालेल्या बफरवर खिडकी लावा. फाइलमध्ये लिटल एंडियन फ्लोट३२ सलग असतील तर न्यू फ्लोट३२ॲरे(बफर) एवढंच. एकही आकडा टेक्स्टमधून पार्स करावा लागत नाही.

पण फायली इतक्या सरळ क्वचित असतात. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये चालणारी एसटीएल फाइल घ्या, तिचं बायनरी रूप. सुरुवातीला ८० बाइटांचं शीर्षक. मग ४ बाइटांत त्रिकोणांची संख्या. पुढे प्रत्येक त्रिकोणाचे ५० बाइट: १२ फ्लोट३२, म्हणजे ४८ बाइट, आणि शेपटीला २ बाइट. पहिले तीन फ्लोट त्रिकोण कुठे तोंड करून आहे ते सांगतात, उरलेले नऊ म्हणजे तीन कोपरे.

पहिला त्रिकोण ८४ व्या बाइटवर सुरू होतो. तिथे फ्लोट३२ॲरेची खिडकी बसते. दुसरा सुरू होतो १३४ वर, आणि तिथे लावायला गेलात की रेंजएरर. कारण फ्लोट३२ॲरेची खिडकी बफरमध्ये ४ ने भाग जाणाऱ्या जागीच सुरू होऊ शकते, फ्लोट६४ॲरेची ८ ने. त्या शेपटीच्या दोन बाइटांनी सगळं बिघडवलं.

अशा वेळी डेटाव्ह्यू. त्याला कुठल्याही बाइटवरून वाचता येतं:

कॉन्स्ट दृश्य = न्यू डेटाव्ह्यू(बफर)
कॉन्स्ट संख्या = दृश्य.गेटयूइंट३२(८०, ट्रू)

शेवटचं ट्रू विसरायचं नाही. डेटाव्ह्यू मुळात बिग एंडियन धरून चालतो, ट्रू दिलं की लिटल एंडियन. टाइप्ड ॲरे यंत्राचा क्रम पाळतात आणि डेटाव्ह्यू स्वतःचा, ही विसंगती मला अजूनही खटकते, पण आहे ती आहे. संख्या मिळाली की ८४ + ५० × संख्या हा आकडा बफरच्या बाइटलेंग्थशी जुळतो का ते बघा. जुळला नाही तर फाइल तुटकी आहे किंवा ती टेक्स्ट रूपातली एसटीएल आहे, तिथेच थांबा.

मग संख्या × ९ घरांचा एक फ्लोट३२ॲरे आधीच घ्या. लूपमध्ये प्रत्येक त्रिकोणाची सुरुवात म्हणजे ८४ + ५० × क्रमांक. त्यात १२ मिळवून दिशेचे बाइट ओलांडा, आणि तिथून चार-चार बाइटांच्या उड्या मारत नऊ वेळा गेटफ्लोट३२(जागा, ट्रू) वाचून आपल्या ॲरेत ठेवा. झालं. हा ॲरे आता जसाच्या तसा वेबजीएलला देता येतो.

आवाज

हात बसवायला आवाजाचं उदाहरण मला सर्वांत आवडतं, कारण चूक लगेच ऐकू येते. एका सेकंदाचा सूर: ऑडिओकॉन्टेक्स्ट बनवा, त्याच्या क्रिएटबफरला चॅनेल १, नमुने ४८०००, दर ४८००० असं सांगा. त्या बफरचं गेटचॅनेलडेटा(०) तुम्हाला ४८००० घरांचा फ्लोट३२ॲरे देतं, आणि हे खरं घर आहे, प्रत नाही. त्यात लिहिलं की आवाजातच लिहिलं. प्रत्येक घरात ०.२ × मॅथ.साइन(२ × मॅथ.पाय × ४४० × क्रमांक / ४८०००) ठेवा. वाजवण्याचा कोड बटणाच्या क्लिकमध्येच घाला, नाहीतर ब्राउझर आवाज अडवून धरतो.

नमुन्यांची मर्यादा उणे १ ते १. ०.२ च्या जागी ३ ठेवून बघा (आवाज आधी कमी करा!). फ्लोट३२ॲरे ३ आनंदाने साठवतो, पण स्पीकरकडे जाताना लाट वरून-खालून कापली जाते आणि सूर फाटतो.

मायक्रोफोनची लाट पडद्यावर काढायची असेल तर ॲनालायझरचं गेटफ्लोटटाइमडोमेनडेटा वापरतात. त्याला भरायला ॲरे तुम्ही द्यायचा असतो. तो ॲरे लूपबाहेर एकदाच बनवा आणि दर फ्रेमला तोच द्या. सेकंदाला साठ नवे ॲरे बनवून टाकून देणं ही टाइप्ड ॲरेची सर्वांत वाईट वापरणूक. एक टाइप्ड ॲरे बनवायलाच साध्या ॲरेपेक्षा जास्त खटाटोप लागतो.

वेगाबद्दल थोडं

'टाइप्ड ॲरे म्हणजे वेगवान' हे अर्धसत्य आहे. साध्या ॲरेत सगळे दशांश आकडेच असतील तर क्रोममधलं व्ही८ इंजिन ते आतून सलग ६४ बिटांतच ठेवतं. शे-दोनशे आकड्यांसाठी टाइप्ड ॲरेने काही हाती लागत नाही. फायदा दिसतो तो लाखोंच्या घरात, बायनरी फायलींत, ग्राफिक्स आणि आवाजात, आणि वर्करकडे (मुख्य पानाच्या मागे वेगळा चालणाऱ्या कोडकडे) डेटा पाठवताना. वर्करला पोस्टमेसेजच्या दुसऱ्या जागी ॲरेचा बफर चौकटी कंसांत दिलात तर प्रत न काढता मालकीच हस्तांतरित होते. मग तुमच्याकडच्या ॲरेची लांबी शून्य दिसली तर दचकू नका, तो माल आता तुमचा राहिलेला नाही.

आणि तो जिना

दुरुस्ती दोन प्रकारे करता आली असती. पहिली: सगळ्या वेळांतून पहिल्या नोंदीची वेळ ६४ बिटांतच वजा करायची आणि फक्त फरक फ्लोट३२ॲरेत ठेवायचा. फरक १६७७७२१६ मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे ४ तास ३९ मिनिटांपर्यंत, एकही मिलिसेकंद न गाळता बसतो. पण माझ्या नोंदी कित्येक दिवसांच्या होत्या. म्हणून वेळेचा रकाना फ्लोट६४ॲरेत हलवला, तापमान फ्लोट३२ मध्येच राहू दिलं. आलेख वेबजीएलने काढायचा होता, आणि तिथे तर फ्लोट३२ शिवाय गत्यंतर नव्हतं. तेव्हा दर वेळी पडद्यावर जेवढा भाग दिसतो आहे त्याच्या डाव्या कडेची वेळ वजा करून उरलेला छोटा फरक तेवढा कार्डाकडे पाठवला. वजाबाकी आधी, छाटणी नंतर. बदललेल्या ओळी एकूण तीन होत्या.